अजून खेळून राहिला का बे?

खेळाडू पस्तिशीच्या पुढे गेला आणि दोन-तीन डावांत लागोपाठ स्वस्तात बाद झाला, की आपल्याकडे एक वाक्य हमखास बाहेर निघतं. ‘का सोडलंस?’ असं लोक विचारतील तेव्हाच सोडावं, ‘का सोडत नाहीस?’ असं विचारायची पाळी येऊ देऊ नये. मुंबईचे जुने कसोटीपटू विजय मर्चंट यांच्या नावावर ते सांगतात. 1987 साली बंगळूरच्या त्या आखाड्यासारख्या खेळपट्टीवर 96 धावा करून गावसकर कसोटीतून गेले, तेव्हा हे वाक्य शोभून दिसलं. पुढे कपिल देव रेंगाळला, सचिन रेंगाळला, आणि दर वेळी अग्रलेखापासून पानाच्या ठेल्यापर्यंत सगळ्यांनी तेच वाक्य पाजळलं. ऐकायला छान आहे. भाषणात टाळी घेतं. पण मी नागपूरचा आहे, आणि या गावात राहून त्या वाक्यावर विश्वास ठेवणं अवघड आहे.

सी. के. नायडू इथले. 31 ऑक्टोबर 1895 ला नागपुरात जन्म, हिस्लॉप कॉलेजमध्ये शिक्षण. सिव्हिल लाइन्समध्ये त्यांच्या नावाचा रस्ता आहे. त्या रस्त्यावरून रोज जाणाऱ्या शंभरातल्या नव्वदांना हे नायडू कोण ते सांगता येणार नाही, पण तो वेगळा विषय. पहिला प्रथम श्रेणी सामना 1916 साली. 1926 च्या डिसेंबरात मुंबईत जिमखान्याच्या मैदानावर इंग्लंडहून आलेल्या एमसीसी संघाविरुद्ध 153 धावा, त्यात 11 षटकार. 1932 मध्ये लॉर्ड्सवर भारताच्या पहिल्या कसोटीचे कर्णधार. तेव्हा ते छत्तीस वर्षांचे होते. आजच्या हिशेबानं तिथेच त्यांना कोणीतरी मर्चंटांचं वाक्य ऐकवलं असतं.

त्यानंतर हा माणूस आणखी तीस वर्षं खेळला.

इंदूरच्या होळकरांनी त्यांना आपल्या फौजेत हुद्दा दिला, म्हणून ते ‘कर्नल’ आणि म्हणून होळकर संघ. चाळीसच्या दशकात त्या संघानं रणजी करंडकावर जी सत्ता गाजवली ती कर्नलसाहेबांच्या हाताखाली. पन्नाशीत असताना त्यांनी बडोद्याविरुद्ध द्विशतक केलं. 1951-52 च्या अंतिम सामन्यात दत्तू फडकरांचा उसळता चेंडू तोंडावर बसला, दात पडले, तर म्हणे त्यांनी खेळपट्टीवरचे दात बॅटनं बाजूला सारले आणि फडकरांना बजावलं की वेग कमी करू नकोस. या गोष्टीला दर पिढीत थोडा मसाला लागत गेला असणार, पण मूळ खरं मानतात. 1956-57 मध्ये ते उत्तर प्रदेशाचे कर्णधार होते. वय 61. राजस्थानविरुद्ध त्यांनी 84 धावा केल्या. आणि शेवटचा प्रथम श्रेणी सामना 1963 च्या नोव्हेंबरात, इथे, नागपुरात: राज्यपाल एकादश विरुद्ध मुख्यमंत्री एकादश. अडुसष्ट वर्षांचे नायडू पॅड बांधून मैदानात उतरले.

माझे वडील त्या सामन्याला होते. धावा किती झाल्या, कोणी बाद केलं, यातलं काही त्यांना नंतर आठवत नसे. आठवायचं ते एवढंच, की म्हातारा ताठ चालत आला आणि आजूबाजूच्या पोरांनी पाठी सरळ केल्या. हे सांगताना बाबा स्वतःही खुर्चीत सरळ व्हायचे.

पण मी नायडूंचं उदाहरण फार ताणणार नाही. ते टिकले त्यात त्यांच्या शरीराचा आणि शिस्तीचा वाटा होताच. पण नायडूंना संघाबाहेर बसा असं सांगणार कोण? त्यांचा दरारा एवढा, की जागा त्यांच्याबरोबर चालत असे. ते इंदुरात गेले तर जागा इंदुरात, लखनौकडे गेले तर तिकडे. अशा माणसाची कारकीर्द लांबते त्याचं आश्चर्य वाटतं, पण त्यातून दुसऱ्या कोणाला काही घेता येत नाही. मला जास्त कुतूहल आहे ते ज्यांची जागा गेली आणि तरी जे राहिले, त्यांचं. वय खेळाडूला जेवढं लवकर संपवतं त्याहून लवकर त्याला मान संपवतो, असं माझं मत बनत गेलं, आणि ते बनलं मुंबईचा फलंदाज वासिम जाफर याच्यामुळे.

2015 मध्ये जाफर विदर्भाकडे येणार असं छापून आलं, त्या संध्याकाळचं आमच्या चौकातलं संभाषण मला पाठ आहे. शेजारचे रेल्वेतून निवृत्त झालेले काका पेपर घडी करत म्हणाले, “जाफर? तो अजून खेळून राहिला का बे?” मी म्हटलं, “हो काका, खेळून राहिला.” तर म्हणाले, “मुंबईले नको झाला म्हणून आपल्या गळ्यात मारून राहिले. आपल्या पोरांनं काय तर पाणी वाहायचं का मंग?”

काकांचं बोलणं तेव्हा अर्ध्या नागपूरचं बोलणं होतं, आणि ते चूक नव्हतं. रणजीत प्रत्येक राज्याला बाहेरचे तीनपर्यंत खेळाडू घेता येतात. आपण त्यांना सरळ ‘प्रोफेशनल’ म्हणतो. ही सोय मोठी गमतीची आहे. ज्या राज्याकडे खेळाडू जास्त तिथून ते ज्या राज्याकडे कमी तिथे जातात, आणि जाताना बहुतेकांचं वय तिशीच्या पुढचं असतं. पुण्याचा हृषीकेश कानिटकर घ्या. 1998 साली ढाक्यात पाकिस्तानच्या सकलेनला मारलेल्या एका चौकारापुरता तो लोकांच्या लक्षात राहिला होता. पुढे तो राजस्थानला गेला आणि 2010-11 व 2011-12 असे सलग दोन रणजी करंडक त्यानं त्यांना कर्णधार म्हणून जिंकून दिले. राजस्थाननं त्याआधी तो करंडक कधीच जिंकला नव्हता. अमोल मुझुमदार मुंबईचा कर्णधार म्हणून रणजी जिंकल्यानंतर आसामला गेला, मग आंध्रला. दोघांनाही मुंबई-पुण्यात मान होता, गाव होतं, सवयीचं मैदान होतं. ते सोडून दुसऱ्याच्या ड्रेसिंग रूममध्ये, दुसऱ्याच्या भाषेत, आपल्याहून पंधरा वर्षांनी लहान पोरांच्या शेजारी किट उघडायचं. दुखरा गुडघा बरा म्हणायचा.

जाफर आला तेव्हा त्याच्या खात्यात काय नव्हतं? अठराव्या वर्षी, दुसऱ्याच प्रथम श्रेणी सामन्यात, राजकोटला नाबाद 314. 31 कसोटी सामने, त्यात अँटिग्वात 212 आणि कोलकात्यात पाकिस्तानविरुद्ध 202. मुंबईकडून आठ रणजी विजेतेपदं. कसोटी संघातून तो 2008 साली बाहेर पडला तो कायमचा, वयाच्या तिसाव्या वर्षी. म्हणजे लोकांच्या दृष्टीनं त्याची कारकीर्द त्या दिवशीच संपलेली होती. तो फक्त खेळायचा थांबला नव्हता.

पहिल्या मोसमानंतर दुखापत झाली आणि 2016-17 चा अख्खा मोसम त्याचा वाया गेला. चौकात आमच्या काकांना आयतंच मिळालं. पुढच्या मोसमाला तो उभा राहिला तेव्हा चाळिशी जवळ आली होती, आणि आधीचा मोसम आपण खेळलो नाही म्हणून या वर्षीचे पैसे नकोत असं सांगून तो खेळला. जुन्या मुंबईकरांत एक हिशेबीपणा असतो, पै-पैचा नव्हे, देण्याघेण्याचा. हे त्यातलं वाटलं मला. प्रशिक्षक म्हणून त्याच वर्षी चंद्रकांत पंडित आले. तेही मुंबईचे, आणि वळण लावण्याच्या बाबतीत घरच्या कडक मामासारखे. कर्णधार मात्र आपला फैज फजल. जाफरला कर्णधारपद नको होतं की दिलं नाही, यावर टपरीवर खूप चर्चा झाल्या. मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की आयुष्यभर मोठ्या संघांत वावरलेला माणूस स्लिपमध्ये उभा राहून दुसऱ्याच्या कप्तानीत शांतपणे खेळला.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. कोलकात्यात कर्नाटकाविरुद्धचा उपांत्य सामना पाच धावांनी जिंकला, त्यात रजनीश गुरबाणीचे बारा बळी. मग अंतिम सामना, दिल्लीविरुद्ध, इंदूरच्या होळकर स्टेडियमवर. गुरबाणीची हॅटट्रिक, अक्षय वाडकरचं शतक, जाफरच्या पहिल्या डावात 78. आणि 1 जानेवारी 2018 ला विजयाचा फटका जाफरच्याच बॅटमधून. 1957-58 पासून रणजी खेळणाऱ्या विदर्भाचा हा पहिला करंडक. तो यावा होळकरांच्या नावाच्या मैदानावर, जिथे नागपूरच्या कर्नलनं आपली दुसरी कारकीर्द घडवली त्या गावात! हे मी त्या वेळी काकांना सांगितलं तर म्हणाले, “ते राहू दे, आधी पेढे आण.”

मला सांगायचंय ते त्यानंतरच्या मार्चमधलं. इराणी करंडक, जामठ्यावर. समोर शेष भारत, म्हणजे बाकीच्या राज्यांतल्या निवडक खेळाडूंचा संघ, कर्णधार करुण नायर, गोलंदाजीत रविचंद्रन अश्विन. जामठा म्हणजे वर्धा रोडवर शहराच्या बाहेर. मार्चच्या मध्याला अकरानंतर तिथल्या खुर्चीवर हात टेकवत नाही. प्रेक्षक तुरळक. आम्ही सावली सरकेल तशी जागा बदलत बसलो होतो. पहिल्या दिवशी जाफरचं शतक झालं होतं. दुसऱ्या दिवशी तो सकाळी आला आणि संध्याकाळी 285 वर नाबाद परत गेला.

त्या दिवशी मी बहुतेक वेळ धावफलकाकडे पाहिलंच नाही, त्याच्या हातांकडे पाहत होतो. चाळिशीच्या फलंदाजाची नजर विशीतल्यासारखी राहत नाही, हे शरीरशास्त्र आहे, त्यात जिद्दीचा काही संबंध नाही. वेगवान गोलंदाजाचा चेंडू हातातून सुटून फलंदाजापर्यंत यायला अर्धा सेकंद लागतो, आणि त्यातला निर्णयाचा वाटा वयाबरोबर अंगावर यायला लागतो. मग काय करायचं? जाफर काय करत होता ते पाहण्यासारखं होतं. तो काहीच करत नव्हता. म्हणजे चेंडू सुटायच्या आधीची जी हालचाल तरुण फलंदाज करतात, पुढे झेपावणं, बॅट वर-खाली नाचवणं, ते त्याच्यात उरलंच नव्हतं. उंच, सडपातळ देह जवळजवळ सरळ उभा, बॅट सैल धरलेली, खालचा हात तर जणू सोबतीला. चेंडू ऑफ स्टंपच्या बाहेर पडला की हात आपोआप आत, शरीराजवळ; चेंडू जाऊ द्यायचा, पण पाहत पाहत, यष्टिरक्षकाच्या ग्लोव्ह्जपर्यंत मान वळवून. आत आला की मनगटाचा एक हलका वळसा आणि चेंडू मिडविकेटला. फटका इतक्या उशिरा, की आता चुकला असं वाटेपर्यंत चेंडू सीमेकडे निघालेला असायचा.

अश्विन त्या सामन्यात मधूनच लेगस्पिन टाकून पाहत होता. ऑफस्पिनर लेगस्पिन टाकतो म्हटल्यावर गावातल्या कोणत्याही पोरानं पुढे येऊन बॅट फिरवली असती. जाफरनं ते चेंडूही तसेच खेळले, उशिरा, जमिनीलगत, जशी काही तक्रार नाही आणि उत्साहही नाही. माझ्या मागे बसलेला एक कॉलेजचा पोरगा वैतागून म्हणाला, “मार ना बे एखादा!” तासाभरानं तोच पोरगा एकेक चेंडूला मान डोलावत होता.

तिसऱ्या दिवशी एक धाव करून तो 286 वर सिद्धार्थ कौलच्या चेंडूवर गेला. चौदा धावांनी त्रिशतक हुकलं. विदर्भानं डाव 800 वर सोडला.

लोक याला ‘वय हा फक्त आकडा’ वगैरे म्हणतात. मला ते वाक्य मर्चंटांच्या वाक्याइतकंच नापसंत आहे. वय आकडा नाही. वयानं जाफरचे अर्धे फटके काढून घेतले होते. हूक जवळपास बंद, पुढे सरसावून उचलणं बंद. एकेक फटका त्यानं जाऊ दिला, आणि जे उरलं ते इतकं घासूनपुसून घेतलं की तेवढ्यावर 286 झाले. पुढच्या मोसमात त्यानं रणजीत 1037 धावा काढल्या. उत्तराखंडविरुद्ध उपांत्यपूर्व फेरीत द्विशतक. विदर्भानं पुन्हा करंडक घेतला, या वेळी जामठ्यावरच, सौराष्ट्राला हरवून. जाफरचा तो दहावा रणजी अंतिम सामना आणि दहावं विजेतेपद.

टेनिसपटू रोहन बोपण्णाचंही असंच आहे, फक्त त्याच्या बाबतीत काढून घेणारे गुडघे होते. कोडगूचा हा उंचापुरा गडी, सर्व्हिस तोफेसारखी. त्यानं मुलाखतींत सांगितलंय, की गुडघ्यांतली कूर्चा झिजून गेली होती आणि दिवसाला दोन-तीन वेदनाशामक गोळ्या घेऊन तो खेळत होता. 2020 च्या टाळेबंदीत तो अय्यंगार योगाकडे वळला. ज्या पद्धतीचं मूळ घर पुण्यात, तिनं गुडघ्याभोवतालचे स्नायू तयार केले, गोळ्या सुटल्या. तरी 2021 च्या सुरुवातीला तो ओळीनं हरत होता, आणि पोर्तुगालमध्ये एस्टोरिलला समुद्राकडे बघत बसला असताना आता बास करावं असं त्याच्या मनात आलं होतं. केलं नाही. 2022 च्या सुरुवातीला बालेवाडीत तो रामकुमार रामनाथनबरोबर दुहेरीचं विजेतेपद घेऊन गेला, आणि दोन वर्षांनी, 27 जानेवारी 2024 ला, मेलबर्नमध्ये मॅथ्यू एब्डनबरोबर ऑस्ट्रेलियन ओपन. वय 43. त्याच आठवड्यात दुहेरीत जगात पहिला क्रमांक. त्याआधी पुरुष दुहेरीचं एकही ग्रँड स्लॅम त्याच्या नावावर नव्हतं.

यातला योगाचा भाग सगळ्यांनी उचलला, व्हॉट्सॲपवर तर फारच. पण दुसराही एक भाग आहे. 2006 पासून एटीपी दौऱ्यावर दुहेरीचे नियम बदलले. ड्यूस, म्हणजे 40-40 अशी बरोबरी, झाला की पुढचा एकच गुण निर्णायक, आणि तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा टायब्रेकर. टीव्हीवाल्यांच्या वेळापत्रकासाठी केलेला बदल, पण त्यानं सामना दीड तासाच्या आत आला आणि मोठी सर्व्हिस असलेल्या, पण पळण्याला मर्यादा आलेल्या माणसाला दहा वर्षांची जागा करून मिळाली. एकेरी बोपण्णानं केव्हाच सोडली होती. ज्याला एकेरीचा मान हवाच होता त्याच्यासाठी हा दरवाजा उघडाच झाला नसता.

आणि मग मुंबईचा लेगस्पिनर प्रवीण तांबे. त्याचं तर सगळं उलट. 2013 साली राजस्थान रॉयल्सनं त्याला आयपीएलमध्ये उतरवलं तेव्हा तो 41 वर्षांचा, आणि त्यापूर्वी एकही प्रथम श्रेणी सामना खेळलेला नाही. त्याच वर्षी चॅम्पियन्स लीग टी-20 मध्ये सर्वाधिक बळी त्याचे. बेचाळिसाव्या वर्षी मुंबईकडून रणजी पदार्पण. 5 मे 2014 ला कोलकात्याविरुद्ध हॅटट्रिक, आणि तीही वैध चेंडू मोजले तर दोनच चेंडूंत, कारण पहिला बळी वाइडवर यष्टिचीत होता. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी कॅरिबियन लीग. लोक विचारतात, हा माणूस इतकी वर्षं होता कुठे? होता मुंबईतच. पावसाळ्यात कांगा लीग खेळत होता, जिथे खेळपट्टी झाकत नाहीत आणि चेंडू चिखलात रुततो. ऑफिसच्या संघातून टाइम्स शील्ड खेळत होता. मुंबईत नोकरी देऊन क्रिकेट खेळवणाऱ्या कंपन्यांची एक मोठी परंपरा आहे. पगार फार नाही, पण शनिवार-रविवार मैदान आणि हातात चेंडू. त्या जाळ्यात वीस वर्षं माणूस जिवंत राहू शकतो. त्याची जिद्द मी नाकारत नाही, पण जिद्द असलेले पुष्कळ लेगस्पिनर आमच्या विदर्भातही होऊन गेले. त्यांना संध्याकाळी नेटवर सोडणारा साहेब मिळाला नाही.

आता दुसरी बाजू. जागा काही रबराची नसते. एक जण राहिला की दुसरा थांबतो. हे ज्यानं भोगलं त्याच्यासमोर वासिम जाफरचं गुणगान करताना जरा जपून बोलावं. मुंबईचे डावखुरे फिरकीपटू पद्माकर शिवलकरांनी 589 प्रथम श्रेणी बळी घेतले. 1972-73 च्या अंतिम सामन्यात चेपॉकवर तामिळनाडूची एका डावात 16 धावांत आठ बळी अशी दैना केली. भारताकडून एकही कसोटी खेळले नाहीत, कारण त्या जागेवर बिशनसिंग बेदी होते आणि बेदी कुठे जाणार नव्हते. शिवलकर मुंबईकडूनच खेळत राहिले, निवृत्तीनंतर पुन्हा बोलावणं आलं तेव्हा 1987-88 मध्ये सत्तेचाळिसाव्या वर्षी परत आले. मधल्या काळात ते गातही असत. 2017 साली त्यांना आणि हरियाणाच्या राजिंदर गोयल यांना, बेदींमुळेच राहून गेलेल्या दुसऱ्या डावखुऱ्या फिरकीपटूला, क्रिकेट मंडळानं जीवनगौरव दिला. पुरस्काराचं नाव सी. के. नायडू! अडुसष्टाव्या वर्षापर्यंत जागा न सोडलेल्या माणसाच्या नावाचा पुरस्कार, आयुष्यभर जागेची वाट पाहिलेल्या दोघांना. हे मंडळातल्या कोणाच्या लक्षात आलं असेल असं वाटत नाही.

आणि प्राध्यापक देवधर. पुण्यात संस्कृत शिकवायचे, पैशासाठी खेळले नाहीत, म्हणून या यादीत ते जरा पाहुणे. 1926 मध्ये एमसीसीविरुद्ध त्यांनी 148 केले होते. 1932 च्या इंग्लंड दौऱ्याला मात्र निवड झाली नाही. चाळिशी आली, आता काय, असा विचार झाला. त्यानंतर देवधरांनी महाराष्ट्राचे कर्णधार म्हणून लागोपाठ दोन रणजी करंडक जिंकले, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मुंबईविरुद्ध 246 केले, आणि 1944 मध्ये, बावन्न वर्षांचे असताना, नवानगरविरुद्ध एकाच सामन्याच्या दोन्ही डावांत शतक ठोकलं. जगले एकशे एक वर्षं. ज्यांनी त्यांना म्हातारे ठरवलं त्या निवड समितीतलं कोणी ते पाहायला उरलं नसेल.

मर्चंटांकडे परत येतो, कारण एक गोष्ट सांगायची राहिली. 1951 साली दिल्लीत इंग्लंडविरुद्ध मर्चंट शेवटची कसोटी खेळले. नुकतेच चाळीस पूर्ण झाले होते. 154 धावा केल्या, त्यांची कसोटीतली सर्वोच्च धावसंख्या. ‘का सोडलंत?’ असं विचारण्याची याहून चांगली वेळ कोणती? पण सोडायचं त्यांनी ठरवलं नव्हतं. त्याच सामन्यात क्षेत्ररक्षण करताना खांदा दुखावला आणि खेळ थांबला. खांदा शाबूत असता तर मर्चंट पुढची कसोटी खेळले असते, त्याच्या पुढचीही, आणि मग कदाचित त्यांच्या नावावर वेगळंच वाक्य खपलं असतं. ते वाक्य प्रेक्षकाच्या सोयीचं आहे. आपल्याला नायक टवटवीत आठवायचा असतो, अकराव्या स्थानावरच्या आसामच्या संघातून, रिकाम्या मैदानावर, दुसऱ्या स्लिपमध्ये वाकलेला नको असतो. खेळणाऱ्याला मात्र मंगळवारी सकाळी साडेनऊला नवा चेंडू हवा असतो, बाकी काही नाही.

2020 च्या फेब्रुवारीत जामठ्यावर केरळविरुद्ध जाफरच्या रणजीत 12,000 धावा पूर्ण झाल्या. तिथवर पोहोचलेला तो पहिलाच. स्टेडियमवर टाळ्या वाजवणारे हाताच्या बोटांवर मोजता आले असते, आणि त्यात बरेच जण राखीव खेळाडू होते. मार्चमध्ये त्यानं निवृत्ती जाहीर केली, त्याच महिन्यात देश बंद झाला, आणि त्या बातमीकडे कोणाचं लक्ष गेलं नाही.

काकांचा मूळ प्रश्न, आपल्या पोरांचं काय, तो मी विसरलेलो नाही. काही पोरांची संधी त्या वर्षांत गेली असणार. त्यांची नावं कुठे छापली जात नाहीत. पण ज्या वाडकरनं त्या पहिल्या अंतिम सामन्यात शतक केलं, त्याच्याच कप्तानीखाली 2025 मध्ये विदर्भानं तिसरा रणजी करंडक घेतला, केरळला जामठ्यावर रोखून. आणि त्या संघातला प्रोफेशनल कोण? करुण नायर. 2018 च्या मार्चमध्ये शेष भारताचा कर्णधार म्हणून ज्यानं दोन दिवस उन्हात उभं राहून जाफरला खेळताना पाहिलं, तोच. कसोटीत त्रिशतक केलेला हा माणूस मधल्या काळात कर्नाटकाच्या संघातूनही बाहेर फेकला गेला होता; 2022 च्या डिसेंबरात, क्रिकेटा, मला अजून एक संधी दे, अशा अर्थाची ओळ त्यानं समाजमाध्यमावर लिहिली होती. ती संधी नागपुरात मिळाली. केरळविरुद्धच्या त्या अंतिम सामन्यात 86 आणि 135 करून तो तेहतिसाव्या वर्षी भारताच्या कसोटी संघात परत गेला, आठ वर्षांनी. लीड्सला पहिल्याच डावात शून्यावर बाद झाला, ओव्हलवर अर्धशतक केलं, आणि मालिका संपल्यावर पुन्हा बाहेर. पुढच्या मोसमाला तो आपल्या कर्नाटकाकडे परतला आणि तिथे धावांचा रतीब लावून बसला.

काका आता ऐंशीच्या पुढे आहेत. पेपर अजून घडी करूनच वाचतात. परवा फाटकाशी भेटले.

“तो करुण गेला का बे आपला?”

“गेला, काका. कर्नाटकात.”

“मंग आता कोणाले आणून राहिले?”